विश्वकिरणांची मोजणी : आकडा का बदलतो?

काही महिन्यांपूर्वी विज्ञानशिक्षकांच्या एका शिबिरात विश्वकिरणांवर बोलण्याचा प्रसंग आला. व्याख्यान संपल्यावर मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारले, "सर, तुमच्या यंत्रातला आकडा एक टक्क्याने उतरला, तर आकाशातून येणारे किरण कमी झाले की तुमचे यंत्र बिघडले, हे तुम्हांला कळते कसे?" सभागृहात थोडा हशा पिकला. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. या विषयात काम करणाऱ्याचे निम्मे आयुष्य याच प्रश्नाचे उत्तर शोधण्यात जाते. त्या दिवशी चहाची वेळ झाली होती, म्हणून मी दोन वाक्यांत उत्तर दिले. ते अपुरे होते. सविस्तर उत्तर येथे देत आहे.

प्रथम हे किरण म्हणजे काय ते पाहू. ऑगस्ट १९१२ मध्ये ऑस्ट्रियाचे व्हिक्टर हेस बलूनमधून सुमारे ५,३०० मीटर उंचीवर गेले. हवेचे आयनीभवन जमिनीतील किरणोत्सर्गी द्रव्यांमुळे होत असेल, तर वर जाताना ते कमी व्हायला हवे. प्रत्यक्षात ते खूपच वाढले. म्हणजे काहीतरी वरून येत होते. पुढे मिलिकन यांनी त्याला 'कॉस्मिक रेज' हे नाव दिले. हे गॅमा किरणांसारखे काही असावे अशी त्यांची समजूत होती. ती चुकीची ठरली. हे किरण नसून वेगवान कण आहेत : शंभरांतले सुमारे नव्वद प्रोटॉन, बाकी बहुतेक हीलियमची अणुकेंद्रे आणि थोडी त्याहून जड अणुकेंद्रे. नाव मात्र चिकटले ते चिकटलेच.

हे मूळ कण जमिनीपर्यंत जवळजवळ कधीच पोचत नाहीत. आपल्या डोक्यावर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम हवा आहे. दहा मीटर खोल पाण्याच्या तळाशी बसण्यासारखेच हे आहे. पंधरा-वीस किलोमीटर उंचीवर मूळ कण हवेतील एखाद्या अणुकेंद्रावर आदळतो, त्यातून नवे कण निघतात, ते पुढे आणखी आदळतात. खाली येतात ते या पडझडीतले दूरचे वंशज. त्यांत न्यूट्रॉन असतात आणि मुख्यतः म्युऑन असतात. म्युऑन हा इलेक्ट्रॉनचा दोनशे पटींहून जड असा भाऊबंद. त्याचे सरासरी आयुष्य एका सेकंदाच्या दशलक्षांश भागाच्या जेमतेम दुप्पट. एवढ्या आयुष्यात तो पंधरा किलोमीटर खाली कसा येतो, याचे उत्तर सापेक्षता सिद्धांतात आहे. वेगवान म्युऑनचे घड्याळ आपल्या दृष्टीने मंद चालते. हे वाचत असतानाही तुमच्या तळहातातून सेकंदाला एक-दोन म्युऑन आरपार जात आहेत.

डोंगरावर किती पाऊस पडला ते खालच्या ओढ्याच्या पाण्यावरून ओळखावे, तसा हा प्रकार आहे. ओढ्याचे पाणी उतरले, तर वरचा पाऊस थांबला असेल. किंवा मधल्या जमिनीने पाणी शोषले असेल. किंवा कोणी बांध घातला असेल. किंवा मोजपट्टीच कलली असेल. बाईंचा प्रश्न नेमका हाच होता.

आणखी एक शक्यता आहे, ती म्हणजे काहीही न घडता आकडा बदलण्याची. पावसाचे पहिले टपोरे थेंब पडू लागतात तेव्हा शाळेच्या आवारातील सारख्या मापाच्या फरश्यांकडे विद्यार्थ्यांना पाहायला सांगावे. एका फरशीवर सात थेंब, शेजारच्या फरशीवर बारा, पलीकडे नऊ. म्हणून शेजारच्या फरशीवर पाऊस जास्त पडला असे कोणी म्हणत नाही. एकमेकांशी संबंध नसलेल्या घटना मोजताना असा चढउतार अटळ असतो, आणि तो साधारण मोजलेल्या संख्येच्या वर्गमुळाइतका असतो. शंभर मोजले तर दहाचा, म्हणजे १० टक्क्यांचा. दहा हजार मोजले तर शंभराचा, म्हणजे एक टक्क्याचा. एक दशांश टक्क्याचा बदल ओळखायचा असेल, तर निदान दहा लाख कण मोजावे लागतात. तळहाताएवढ्या यंत्राला त्यासाठी आठवडाभर लागेल, आणि दोन तासांत येऊन गेलेली घटना त्याला कळणारही नाही. म्हणून यंत्रे मोठी बांधावी लागतात. वह्यांमध्ये थेंबांची मोजणी करून हा वर्गमुळाचा नियम आठवीच्या वर्गातही पडताळता येतो. दहा मिनिटांचा खेळ आहे, फक्त मुले भिजतात.

हवेचा हिशेब

आता मधली हवा. वायुदाब वाढला म्हणजे डोक्यावर हवा जास्त झाली; वाटेत जास्त कण अडले; आकडा उतरला. न्यूट्रॉनांच्या बाबतीत हा परिणाम मोठा आहे : दाब एक मिलिबारने वाढला की मोजणी सुमारे ०.७ टक्क्याने घटते. म्युऑनांच्या बाबतीत घट याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढी असते.

आपल्याकडे हे विशेष त्रासदायक ठरते. मध्य युरोपात वायुदाब हवामानाप्रमाणे वरखाली होतो, त्याला घड्याळाचे बंधन नसते. उष्णकटिबंधात मात्र बॅरोमीटर दररोज सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास वर चढतो आणि पहाटे व दुपारी चारच्या सुमारास उतरतो. हा फरक सुमारे तीन मिलिबारचा असतो. शाळेत चांगला बॅरोमीटर असेल तर चार दिवस नोंदी घेऊन पाहाव्यात. पावसाळ्यात घेतल्या तरी ही लाट सहसा लपत नाही. आता न्यूट्रॉन मोजणारे यंत्र मुंबईत ठेवले, तर दाबाच्या या लाटेमुळे त्याचा आकडा दिवसातून दोनदा दोन टक्क्यांनी वरखाली होईल. सूर्यामुळे विश्वकिरणांत खरोखर होणारा दैनिक बदल अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. म्हणजे जो खरा बदल शोधायचा, त्याच्या चौपट मोठा खोटा बदल घड्याळ लावून रोज समोर येतो. म्हणून विश्वकिरणांच्या प्रत्येक केंद्रात गणकयंत्राइतकाच मान बॅरोमीटरला असतो.

म्युऑनांना दाबाखेरीज तापमानाचाही हिशेब लागतो. वरची हवा तापली की वातावरण फुगते, म्युऑन अधिक उंचीवर जन्मतात, त्यांना खाली येण्यास जास्त वाट चालावी लागते आणि वाटेत जास्त म्युऑन विघटन पावतात. उन्हाळ्यात म्युऑन थोडे कमी, थंडीत थोडे जास्त, असे चक्र त्यामुळे दिसते. ते वजा करण्यासाठी जमिनीवरचा तापमापक पुरत नाही. वेधशाळेने सोडलेल्या बलूनकडून वरच्या हवेची माहिती घ्यावी लागते.

यंत्राच्या खोडीबद्दल स्वतःचाच अनुभव सांगतो. संशोधनाच्या पहिल्या वर्षी माझ्या नोंदींत एक सुरेख दैनिक लाट दिसू लागली. दाबाची दुरुस्ती केली, तरी लाट कायम. मी आनंदाने आलेख घेऊन मार्गदर्शकांकडे गेलो. त्यांनी तो पाच मिनिटे न्याहाळला आणि म्हणाले, "रविवारचे आकडे वेगळे काढून आण." रविवारी लाट नव्हती. आमच्या खोलीतला वातानुकूलक कामाच्या दिवशी सकाळी चालू होई व संध्याकाळी बंद होई. त्याच्या गारव्याने विजेचा उच्च दाब पुरवणारे यंत्र किंचित सरकत असे. सूर्याला रविवारची सुट्टी नसते. तेव्हापासून कोणताही नियमित बदल दिसला की मी आधी सुट्ट्यांची यादी काढतो.

एका घड्याळावर जगभर

मग खरा बदल ओळखायचा कसा? एकच यंत्र कितीही चांगले असले तरी ते स्वतःची साक्ष स्वतः देऊ शकत नाही. दुसरा साक्षीदार लागतो, आणि तो जितका दूर असेल तितका बरा. अमेरिकेचे स्कॉट फोर्बुश यांनी हेच केले. १९३० च्या दशकात त्यांच्या संस्थेने ठिकठिकाणी एकसारखी यंत्रे बसवली होती : शिशाच्या आवरणात ठेवलेले, दाबून भरलेल्या अरगॉन वायूचे पोलादी गोळे. एप्रिल १९३७ मध्ये मोठे चुंबकी वादळ झाले, तेव्हा अमेरिकेतील चेल्टनहॅम आणि पेरू देशातील वानकायो या दोन्ही ठिकाणांचा आकडा एकाच वेळी खाली आला. एक जागा उत्तर गोलार्धात, समुद्रसपाटीजवळ; दुसरी विषुववृत्ताजवळ, अँडीज पर्वतात तीन किलोमीटरांहून उंच. दोन्हीकडचे हवामान आणि ऋतू वेगळे. दोन्ही यंत्रे एकाच तासाला बिघडणे शक्य नव्हते. कारण पृथ्वीबाहेरचेच असले पाहिजे. अशा घटीला आज 'फोर्बुश घट' म्हणतात.

चुंबकी वादळ म्हणजे पृथ्वीच्या चुंबकी क्षेत्रात होणारी खळबळ. तिच्या नोंदींची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकात या नोंदी सुरू झाल्या. पुढे शहरात विजेच्या ट्राम धावणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने नाजूक उपकरणे बिघडतील म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. रविवारच्या वातानुकूलकाचीच ही मोठी बहीण म्हणायची.

फोर्बुश घटीचे कारण मात्र बरीच वर्षे वादात होते. आकडा उतरतो तो चुंबकी वादळ होते म्हणून, की दोन्ही गोष्टींचे मूळ तिसरेच आहे? जमिनीवर बसून याचा निकाल लावणे कठीण होते. १९६० मध्ये 'पायोनियर-५' हे अवकाशयान पृथ्वीपासून लाखो किलोमीटर दूर, तिच्या चुंबकी क्षेत्राच्या पूर्ण बाहेर असताना तशी घट झाली, आणि ती यानातील गणकालाही दिसली. याचा अर्थ पृथ्वीचे चुंबकत्व हे तिचे कारण नाही. आज आपल्याला ठाऊक आहे की सूर्यावरून कधीकधी विद्युत्‌भारित वायूचा प्रचंड लोट बाहेर पडतो आणि आपले चुंबकी क्षेत्र सोबत घेऊन येतो. बाहेरून येणाऱ्या विश्वकिरणांना तो बाजूला सारतो. त्याच्या आडोशात पृथ्वी सापडली की तिच्यावर येणारे कण काही दिवस कमी होतात. आणि तोच लोट पृथ्वीच्या क्षेत्रावर आदळला की चुंबकी वादळ होते.

घट काही तासांत होते आणि भरून यायला अनेक दिवस लागतात. याच्या उलट, सूर्यावरील एखाद्या स्फोटात खुद्द सूर्यच इतके ऊर्जावान कण फेकतो की जमिनीवरचा आकडा काही मिनिटांत वर उसळी घेतो. २३ फेब्रुवारी १९५६ ची उसळी सर्वांत मोठी मानली जाते. इंग्लंडमधील लीड्स येथे न्यूट्रॉनांची मोजणी नेहमीच्या सुमारे पंचेचाळीस पट झाली होती. या उसळ्या सगळीकडे सारख्या दिसत नाहीत, काही केंद्रांना तर मुळीच दिसत नाहीत. सूर्याचा दैनिक बदल आणखी वेगळा : तो प्रत्येक ठिकाणी त्या त्या जागेच्या स्थानिक वेळेप्रमाणे येतो, कारण पृथ्वी फिरताना यंत्राचे तोंड फिरत असते. विक्रम साराभाई यांच्या केम्ब्रिजमधील प्रबंधाचा विषय उष्णकटिबंधातील विश्वकिरण हा होता. १९४७ मध्ये त्यांनी अहमदाबादला स्थापन केलेल्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत दैनिक बदलावर बरेच काम झाले.

या सर्वांसाठी न्यूट्रॉन मॉनिटर हे यंत्र फार उपयोगी पडले. शिकागोचे जॉन सिम्पसन यांनी ते १९४८ मध्ये तयार केले, आणि आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात (१९५७-५८) त्याचे जगभर जाळे पसरले. त्याची रचना साधी आहे. वरून आलेला न्यूट्रॉन शिशाच्या जाड थरात एखाद्या अणुकेंद्रावर आदळला की त्यातून अनेक मंद न्यूट्रॉन सुटतात, म्हणजे एकाचे अनेक होतात. पॅराफिन किंवा पॉलिथीनच्या थरात ते आणखी मंदावतात, आणि शेवटी बोरॉन असलेल्या वायूच्या नळीत शिरून विजेचा ठोका देतात. बाहेरूनही पॉलिथीनचे वेष्टन असते, म्हणजे आसपासच्या जमिनीतून व भिंतींतून येणारे मंद न्यूट्रॉन आत येत नाहीत. तरीही थंड देशांत छपरावर बर्फ साचला की आकडा उतरतो, आणि कोणाला तरी फावडे घेऊन वर चढावे लागते.

उटीचे जाळे

आता बांधाकडे वळू. १९२७ मध्ये हॉलंडचे याकोब क्ले जावा बेटावरून बोटीने युरोपला जाताना विश्वकिरण मोजत होते. विषुववृत्ताजवळ आकडा कमी, उत्तरेकडे जास्त, असे त्यांना दिसले. पृथ्वीचे चुंबकी क्षेत्र भारित कणांना वळवते हे त्याचे कारण. ध्रुवांकडे कमी ऊर्जेचे कणही आत शिरतात. विषुववृत्ताजवळ क्षेत्ररेषा आडव्या असल्याने वरून येणाऱ्या कणाला त्या ओलांडाव्या लागतात. दक्षिण भारत आणि आग्नेय आशिया येथे हा उंबरठा जगात सर्वांत उंच, म्हणजे प्रोटॉनसाठी सुमारे १७ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. सूर्याचा प्रभाव कमी ऊर्जेच्या कणांवर अधिक पडतो, त्यामुळे ध्रुवाजवळ दहा टक्क्यांची दिसणारी घट आपल्याकडे एखाद्या टक्क्याचीच असते. ही अडचण तर आहेच. पण ज्याला जास्त ऊर्जेच्या कणांवर काय परिणाम होतो तेच पाहायचे आहे, त्याला दारावरच निवड झालेली मिळते. मात्र यंत्र फार मोठे हवे.

तसे यंत्र उटीला आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या 'ग्रेप्स-३' या भारत-जपान सहकार्यातील प्रयोगात, २,२०० मीटर उंचीवर, ५६० चौरस मीटरांचा म्युऑन शोधक आहे. प्रत्येकी सहा मीटर लांबीच्या ३,७१२ चौकोनी नळ्या एकमेकींवर आडव्या-उभ्या चार थरांत रचल्या आहेत. कोणत्या थरात कोणती नळी वाजली यावरून म्युऑन कोणत्या दिशेने आला ते कळते. नळ्यांवर दोन मीटर जाडीचे काँक्रीट आहे, ते कमी ऊर्जेचे कण गाळून टाकते. दिवसाला सुमारे ४०० कोटी म्युऑन मोजले जातात. म्हणजे मिनिटाला अठ्ठावीस लाखांच्या आसपास, आणि वर्गमुळाच्या नियमाने मिनिटाची चूक अवघी ०.०६ टक्के. फरश्यांवरच्या थेंबांपासून आपण येथपर्यंत आलो.

२२ जून २०१५ रोजी (आपल्याकडे मध्यरात्र उलटली होती) सूर्यावरून आलेला एक मोठा लोट पृथ्वीवर आदळला. उटीला घट दिसायला हवी होती, आणि ती दिसलीही; पण सुमारे दोन तास आकडा उलट वाढलाही. ही वाढ सर्व दिशांच्या गणतीत एकाच वेळी दिसली. एखाद्या बाजूने कणांचा झोत आला असता तर एका दिशेचा आकडा वाढला असता. सर्वच दिशांना वाढ म्हणजे उंबरठाच खाली आला असला पाहिजे. लोटातील चुंबकी क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट दिशेचे होते, त्यामुळे पृथ्वीचे क्षेत्र काही काळ दुबळे झाले आणि एरवी अडणारे थोडे कण आत आले, असा खुलासा ग्रेप्सच्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये केला. वृत्तपत्रांनी 'पृथ्वीच्या ढालीला तडा' असे मथळे दिले. तडा वगैरे काही नव्हता; ढाल थोडी खाली आली आणि पुन्हा वर गेली. वर्गात सांगताना तेवढे जपावे.

उटीच्या नोंदींत आणखी एक त्रास होता. एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबरनंतर गडगडाटी पावसाच्या वेळी आकडा दहा-पंधरा मिनिटे थोडा हलायचा. सूर्याचा अभ्यास करणाऱ्याच्या दृष्टीने हा निव्वळ कचरा. पण खाली येणाऱ्या म्युऑनांत धन म्युऑन ऋण म्युऑनांपेक्षा थोडे जास्त असतात. ढगातील विद्युत्‌क्षेत्र धन म्युऑनांना मंद करणारे असेल, तर ऋण म्युऑनांना ते वेग देईल. जमाखर्च बरोबर जुळणार नाही आणि एकूण आकडा उतरेल. म्हणजे उतरलेल्या आकड्यावरून ढगाचा विद्युत्‌दाब काढता येईल! १ डिसेंबर २०१४ च्या वादळात अठरा मिनिटे आकडा सुमारे दोन टक्क्यांनी उतरला होता. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिशेबानुसार त्या ढगातील विभवांतर सुमारे १.३ अब्ज व्होल्ट होते. बलून किंवा विमान ढगाच्या एका रेषेतून जाते. म्युऑन एकाच वेळी संपूर्ण ढग पार करून येतात, म्हणून एवढा आकडा पहिल्यांदाच हाती लागला. कचरा फेकून दिला असता तर लागला नसता.

ज्यांना हे आकडे स्वतः हाताळायचे आहेत त्यांच्यासाठी एक सूचना. फिनलंडमधील औलू येथील न्यूट्रॉन मॉनिटर १९६४ पासून चालू आहे आणि त्याच्या नोंदी इंटरनेटवर सर्वांना खुल्या आहेत. इतर अनेक केंद्रांच्याही आहेत. ९ ते १३ मे २०२४ या पाच दिवसांचे तासातासाचे आकडे घेऊन अकरावी-बारावीच्या मुलांकडून आलेख काढून घ्यावा. दाबाची दुरुस्ती केलेले आणि न केलेले, असे दोन्ही घ्यावेत. १० तारखेला एक मोठी फोर्बुश घट सुरू झालेली दिसेल. ११ तारखेला, घट चालू असतानाच, सूर्याने फेकलेल्या कणांची एक लहान उसळी ध्रुवांजवळच्या केंद्रांच्या नोंदींत आली आहे. थायलंडमध्ये दोई इंथानोन पर्वतावर एक मॉनिटर आहे; त्याचे त्याच तासांचे आकडे शेजारी मांडावेत, आणि उसळी तेथे का नाही ते मुलांना विचारावे.